विश्लेषण : मुलाचा जन्म नोव्हेंबरचा, मग संघ कोणता? अमेरिकेतील बालफुटबॉलमध्ये वयोगटाची तारीख का बदलते आहे?

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतील विश्वचषकामुळे २०२६ मध्ये जगाचे लक्ष फुटबॉलकडे लागले आहे. अमेरिकेतील लाखो पालकांच्या डोक्यात मात्र याच वर्षी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे १ ऑगस्ट ही तारीख. २०२६-२७ च्या हंगामापासून तिथल्या मुलांच्या फुटबॉलचे वयोगट (फुटबॉलला तिथे ‘सॉकर’ म्हणतात) १ जानेवारीऐवजी १ ऑगस्टपासून मोजले जाणार आहेत. यूएस यूथ सॉकर, एवायएसओ आणि यूएस क्लब सॉकर या मुलांच्या फुटबॉलमधील तीन मोठ्या संघटनांनी हा निर्णय घेतला आहे. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांतही शनिवारची सकाळ अनेकदा मैदानाच्या कडेला फोल्डिंग खुर्चीवर जाते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्याही घरात आला आहे. तारीख बदलल्याने मुलाचा वयोगट बदलतो, आणि वयोगट बदलला की मैदान, गोलपोस्ट, चेंडू आणि काही नियमही बदलतात.

कोणत्या वयाला कोणता खेळ?

टीव्हीवर दिसणारा ११ विरुद्ध ११ चा खेळ अमेरिकेत मुलांच्या वाट्याला थेट अंडर-१३ गटात येतो. त्याआधी तीन पायऱ्या आहेत. अंडर-६ ते अंडर-८ या गटांत चार विरुद्ध चार खेळतात. गोलरक्षक नसतो, ऑफसाइड नसते आणि चेंडू बाहेर गेला तर थ्रो-इनऐवजी पायानेच आत आणायचा असतो. मैदान २५ ते ३५ यार्ड लांब असते, म्हणजे साधारण सोसायटीच्या पार्किंगएवढे. निकालांची गुणतालिका ठेवायची नाही, असेही संघटना सांगते. (पालक ती मनातल्या मनात ठेवतात, हा भाग वेगळा.)

अंडर-९ आणि अंडर-१० मध्ये सात विरुद्ध सात. इथे गोलरक्षक येतो आणि २५ मिनिटांचे दोन भाग होतात. अंडर-११ आणि अंडर-१२ मध्ये नऊ विरुद्ध नऊ, प्रत्येकी ३० मिनिटांचे दोन भाग. पूर्ण ९० मिनिटांचा सामना अंडर-१७ पासून पुढे. चेंडूही वाढत जातो. अंडर-८ पर्यंत ३ नंबरचा, अंडर-१२ पर्यंत ४ नंबरचा आणि त्यानंतर मोठ्यांचा ५ नंबरचा.

हे लहान आकार कशासाठी, हे साध्या भागाकारातून कळते. २२ मुले आणि ६० मिनिटांचा सामना असेल, तर चेंडू सर्वांना समान मिळाला तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. आठ मुले ४० मिनिटे खेळली तर प्रत्येकी पाच मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात समान वाटप कधीच होत नाही. मोठ्या मैदानावर दोन-तीन दांडगी मुले चेंडू घेऊन पळतात आणि उरलेली पाहत राहतात. चार जणांच्या संघात लपायला जागा नसते.

गोलपोस्टचे गणित तर त्याहून बोलके आहे. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे १९२ चौरस फूट. नऊ वर्षांच्या गोलरक्षकाने हात वर करून उडी मारली तरी वरची पट्टी त्याच्या आवाक्याबाहेर राहते. अशा गोलसमोर मुले एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे लांबून उंच फटका मारायचा. सात जणांच्या खेळातील गोल साडेअठरा फूट बाय साडेसहा फूट असतो, म्हणजे सुमारे १२० चौरस फूट. तिथे गोल करायला जवळ यावे लागते, पास द्यावा लागतो.

याच गटात ‘बिल्ड-आउट लाइन’ नावाची एक रेषा असते. ती टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये दिसणार नाही. गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला की प्रतिस्पर्ध्यांनी या रेषेमागे जायचे. गोलरक्षकाला हातातला चेंडू सोडून हवेत लाथाडता येत नाही. त्याने चेंडू हाताने किंवा पासने सहकाऱ्याकडे द्यायचा. खेळ मागून, पासने उभा करायची सवय लागावी म्हणून हा नियम आहे.

हेडरवर बंदी का?

दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना सरावात किंवा सामन्यात चेंडूला डोके लावण्यास मनाई आहे. अंडर-११ आणि त्याखालच्या सामन्यात कोणी मुद्दाम हेडर मारला तर प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी हेडरचा सराव आठवड्याला जास्तीत जास्त ३० मिनिटे आणि एका खेळाडूमागे १५ ते २० हेडर एवढाच ठेवायचा असतो.

हा नियम न्यायालयामार्गे आला. ऑगस्ट २०१४ मध्ये काही पालक आणि खेळाडूंनी कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात खटला दाखल केला. डोक्याच्या दुखापतींबाबत पुरेशी काळजी घेतली जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली आणि यूएस सॉकरने हेडरवरील निर्बंध जाहीर केले.

या विषयावरचा सर्वाधिक चर्चेतला पुरावा त्यानंतरचा आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. २०२१ च्या पुढील अभ्यासात बचावपटूंमध्ये हा धोका सर्वाधिक दिसला, तर गोलरक्षकांमध्ये तो सर्वसामान्यांच्या जवळपासच होता. हे सगळे प्रौढ व्यावसायिक होते आणि जुन्या काळात खेळलेले होते. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला हाच आकडा लावता येणार नाही. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले.

मग तारखेचा वाद काय?

अमेरिकेत पूर्वी वयोगट १ ऑगस्टपासूनच मोजत. २०१५ मध्ये यूएस सॉकरने जानेवारी ते डिसेंबर हे कॅलेंडर वर्ष स्वीकारण्याचे ठरवले आणि २०१७ पर्यंत ते सर्वांना बंधनकारक झाले. कारण सरळ होते. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये जन्मवर्षच मोजतात, मग देशातही तेच असावे.

पण अमेरिकेतील शाळा जानेवारीत सुरू होत नाहीत. बहुतेक राज्यांत प्रवेशाच्या वयाची तारीख ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास असते. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरची अट लावून पालक जसा हिशेब करतात, तसाच हिशेब तिथे उन्हाळ्याच्या शेवटाभोवती फिरतो. त्यामुळे नोव्हेंबर २०१६ मध्ये जन्मलेला मुलगा २०२६-२७ मध्ये चौथीत असेल. जन्मवर्षाच्या नियमाने मात्र त्याच्या संघातील जानेवारी ते जुलैची मुले पाचवीत असतील. वर्गातले मित्र एका संघात आणि तो दुसऱ्या. हौशी पातळीवर खेळणारी बहुतेक मुले मित्रांसाठी मैदानावर येतात. मित्र नसतील तर त्यांचे येणे थांबते.

पुढे हा त्रास वाढतो. अशा मुलांसाठी अमेरिकेत ‘ट्रॅप्ड प्लेअर’, म्हणजे अडकलेला खेळाडू, असा शब्दच रूढ झाला. संघातील मोठी मुले नववीत जातात आणि पानगळीच्या हंगामात हायस्कूलच्या संघाकडून खेळू लागतात. आठवीत राहिलेल्या ऑगस्ट ते डिसेंबरच्या मुलांचा क्लबचा संघ त्या हंगामापुरता मोडतो. चार वर्षांनी तेच पुन्हा. मोठी मुले कॉलेजला जातात आणि बारावीतले मागे उरतात.

नव्या नियमाने जानेवारी ते जुलै या काळात जन्मलेल्या मुलांचा गट बदलत नाही. बदल होतो तो ऑगस्ट ते डिसेंबरच्या मुलांचा. नोव्हेंबर २०१६ चा तोच मुलगा २०२५-२६ मध्ये अंडर-१० खेळला. जुन्या पद्धतीने तो आता अंडर-११ मध्ये, म्हणजे नऊ जणांच्या संघात आणि मोठ्या मैदानावर गेला असता. नव्या पद्धतीने तो आणखी एक वर्ष अंडर-१० मध्येच राहील.

काही महिन्यांनी एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. एकाच गटातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. आठ वर्षांच्या मुलासाठी ते त्याच्या आयुष्याचा आठवा भाग. मोठे मूल उंच आणि वेगवान असते. निवड चाचणीत ते उठून दिसते, चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने त्यालाच मिळतात. काही वर्षांनी ते खरोखरच चांगले खेळू लागते आणि मग सगळे त्याला उपजत प्रतिभा म्हणतात. संशोधक याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. २००५ मध्ये वेर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील युवा राष्ट्रीय संघ तपासले, तेव्हा जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांचे प्रमाण ठळकपणे जास्त निघाले.

दोष महिन्याचा नसून गटाच्या तारखेचा आहे, याचा उत्तम पुरावा बेल्जियमने दिला. तिथे १९९७ मध्ये तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. आधी ऑगस्टनंतर जन्मलेली मुले निवडीत पुढे होती. तारीख बदलल्यावर तो फायदा जानेवारीनंतरच्या मुलांकडे गेला.

अमेरिकेतही आता तेच उलट्या दिशेने होईल. शाळेचा प्रश्न सुटेल, पण अन्याय पूर्ण मिटणार नाही, तो दुसऱ्या महिन्यांकडे सरकेल. जानेवारीचे मूल आजवर गटात सर्वांत मोठे होते, ते आता मधल्या फळीत जाईल. ऑगस्टचे मूल सर्वांत मोठे ठरेल आणि जुलैचे सर्वांत लहान. जूनमध्ये वाढदिवस असलेल्या मुलाला या वर्षीच्या निवड चाचणीत स्वतःहून सात-आठ महिन्यांनी मोठी, आजवर वरच्या गटात खेळलेली मुले भेटतील. संघातून वगळले तर त्यात खेळ किती आणि वाढदिवस किती, हे त्याच्या पालकांनी प्रशिक्षकाला जरूर विचारावे. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी यावर उपाय म्हणून जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडण्याचे प्रयोग केले आहेत. ते खर्चिक असल्याने गल्लीतल्या क्लबला परवडणारे नाहीत.

भारतात काय?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली. लहान मैदान, कमी खेळाडू, मुले-मुली एकत्र, ही तिची कल्पना वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांशी मिळतीजुळती आहे. अडचण सोयींची आहे. लहान गोलपोस्ट आणि आखलेली छोटी मैदाने प्रत्येक शाळेकडे नसतात.

आपल्याकडे वयोगटाची चर्चा निघाली की ती वयचोरीकडेच वळते. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवणारी ‘टीडब्ल्यू-३’ चाचणी त्यासाठीच वापरली जाते. कागदपत्रे खरी असूनही डिसेंबरच्या मुलाला जानेवारीच्या मुलाशी झगडावे लागते, हा प्रश्न त्यात मागेच राहतो. भारतात युवा स्पर्धांसाठी जन्मवर्षच धरतात. अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबातील नोव्हेंबरचे मूल त्यामुळे तिथे गटातल्या मोठ्यांत आणि इथे उतरताच गटातल्या सर्वांत लहानांत मोजले जाईल.