जास्वंदीवरील पांढरें पीठ



अंगणांत म्हणा, सज्जावरील कुंडींत म्हणा, बारमास हिरवी राहणारी जास्वंद आपणांपैकीं पुष्कळांकडे असेल. देवपूजेस रोज दोन फुलें मिळावींत, एवढीच तिच्याकडून आपली अपेक्षा. पण एके दिवशीं शेंड्याचीं पानें चुरगळल्यासारखीं दिसतात, कळ्या उमलण्यापूर्वींच गळतात, आणि देंठाच्या बेचक्यांत कापसासारखें कांहीं पांढरें जमतें. 'बुरशी आली' असें म्हणून आपण मोकळे होतों. ती बुरशी नव्हे. तो पिठ्या ढेकूण नांवाचा कीटक होय.

काडीनें तें पीठ बाजूस सारलें, म्हणजे खालीं सुमारें तीन मिलिमीटर लांबीचा मऊ, गुलाबी देह दिसतो. सोंड सालींत खुपसून तो रस शोषीत असतो. त्याच्या लाळेंत विषारी द्रव्य असल्यामुळें शेंडे आंखडतात. शोषलेल्या रसांतील जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतो. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते, आणि त्याच्याच लोभानें मुंग्या येतात. गुराख्यानें गुरें राखावींत तशा त्या ह्या ढेकणांस राखतात व त्यांच्या शत्रूंस हुसकून लावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली कीं, त्याच दिवशीं पानें उलटून पाहावींत.

आंखडलेले शेंडे कापून पिशवींत बंद करावे. खताच्या खड्ड्यांत टाकूं नयेत, कारण एकेका मादीच्या कापसाळ पुंजक्यांत शेंकडों अंडीं असतात. मग लिटरभर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळीचें तेल व थोडा मऊ साबण घोटून संध्याकाळीं फवारावें. मेणाच्या लेपाखालच्या मोठ्या किड्यास हें फारसें बाधत नाहीं, नुकत्याच फुटलेल्या पिलांस बाधतें. म्हणून आठवड्यानें पुन्हां फवारणें अवश्य. मुंग्यांकरितां आपल्या आजीबाईंची युक्ति पुरे. त्या दुधाच्या फडताळाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत. कुंडीही तशीच पाणी भरलेल्या परातींत विटेवर ठेवावी, आणि फांद्या भिंतीस टेंकूं देऊं नयेत.

आतां माझी चूक सांगतों. मुलांस 'नीट पाहा' असें जन्मभर शिकविणारा मी. पण एका पावसाळ्यांत, ढेकणांत वावरणारे त्यांच्याचसारखे पांढरे, झिपरे किडे मीं शोधशोधून चिरडले. ते ढेकूण नव्हतेच! तीं होतीं क्रिप्टोलीमस नांवाच्या ढालकिड्याचीं पिलें, आणि ढेकूण हेंच त्यांचें अन्न. हा काळपट पंखांचा व नारिंगी डोक्याचा लहानसा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरील किडीच्या बंदोबस्तासाठीं तो सन १८९८ मध्यें हिंदुस्थानांत आणला गेला. खूण सोपी आहे. काडी लावतांच ढेकूण जागच्या जागीं सुस्त राहतो. हें पिलूं मात्र झपझप चालूं लागतें, आणि वाढून सेंटिमीटरभर, क्वचित् त्याहूनही लांब होतें. असें पिलूं आढळल्यास फवारणी थांबवावी; परातींतलें पाणी मात्र आटूं देऊं नये.