खाती किती आणि माणसे किती?

हजेरीपटावर जितकी नावे, तितकी माणसे कारखान्यात असतातच असे नाही, हे कामगार चळवळीत वावरलेल्यांना सांगावे लागत नाही. आज आपण ज्या धंद्याचा विचार करणार आहोत, त्यातही हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की येथे जादा नावांचे पैसे मालक देत नाही, घेतो. हा धंदा म्हणजे इंटरनेटवर हजारो लोकांनी एकत्र खेळावयाचे खेळ.

एकाच माणसाने एका खेळात पाच-दहा खाती उघडली, तर कंपनीने त्यास लबाड समजावे की उत्तम गिऱ्हाईक? उत्तरासाठी आपण एकच उदाहरण घेऊ. आइसलंडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने २००३ साली ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. अवकाशात जहाजे हिंडवावयाची, धातू खणावयाचा, माल विकावयाचा आणि लढावयाचे, असा हा खेळ आहे.

या खेळात एका खात्यावर सर्व कामे होत नाहीत. कसब शिकावयास खरोखरीचे दिवस आणि महिने लागतात. खाणकाम करणारा निराळा, माल वाहणारा निराळा, पुढे जाऊन टेहळणी करणारा निराळा. प्रचंड जहाजाला दूरच्या ताऱ्याकडे उडी घ्यावयाची, तर तेथे आधी कोणीतरी दिवा लावून ठेवावा लागतो. मित्र जागा नसेल, तर मनुष्य आपलेच दुसरे खाते तेथे उभे करतो. म्हणजे दुसऱ्या खात्याची गरज खेळाच्या रचनेतूनच निर्माण होते. कंपनीनेही ‘पॉवर ऑफ टू’ नावाची सवलत काढून जुन्या गिऱ्हाइकास दुसरे खाते स्वस्तात देऊ केले होते.

आता हिशेब पाहा. महिन्याची वर्गणी अनेक वर्षे सुमारे १५ डॉलर होती; २०२२ साली ती सुमारे २० डॉलर झाली. पाच खाती म्हणजे महिना १०० डॉलर. नवे गिऱ्हाईक आणावयास जाहिरात लागते, त्याला खेळ शिकवावा लागतो, आणि तरीही ते टिकेल याची शाश्वती नसते. जुन्याच माणसाच्या पाचव्या खात्याला यांतले काहीच लागत नाही. शिवाय पाच खात्यांत ज्याची वर्षे गुंतली, तो सहजासहजी खेळ सोडीत नाही.

‘पण काहीजण खेळातच कमावून वर्गणी भागवितात, त्यांचे काय?’ असे कोणी विचारील. २००८ पासून या खेळात ‘प्लेक्स’ नावाचा परवाना विकत मिळतो. एकजण तो रोख डॉलर देऊन घेतो आणि खेळातल्या नाण्यांना दुसऱ्यास विकतो. दुसरा त्यावर आपली मुदत वाढवितो. हा दुसरा फुकट खेळतो असे दिसते, पण त्याचे पैसे पहिल्याने भरलेलेच असतात, आणि तेही साध्या मासिक वर्गणीहून जास्त. उलट, खाणकाम करणाऱ्या त्याच्या दहा जहाजांमुळे बाजारात माल येतो. तो गिऱ्हाईकही आहे आणि बिनपगारी उत्पादकही.

मग कंपनी सर्वच चालवून घेते का? नाही. एक कळ दाबून अनेक जहाजे एकदम हालविण्याच्या युक्तीस १ जानेवारी २०१५ पासून बंदी झाली. एका खात्यावर खेळणाऱ्यांचा संताप वाढला, की तेही निघून जातात. पण हाताने कितीही खाती चालवावयास मुभा राहिली. २०१६ साली फुकट खाती निघाली, तेव्हा नियम झाला की फुकट खाते दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी चालवावयाचे नाही. पैसे भरलेली खाती मात्र खुशाल चालवावी. नीतीची रेघ कोठे ओढली गेली, ते यावरून स्पष्ट होते.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. २००८ पासून या खेळाडूंचे एक निवडलेले मंडळ कंपनीशी बोलते. त्याच्या निवडणुकीत मत माणसाला नसते, पात्र खात्याला असते. दहा खाती, दहा मते! आपल्याकडे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात, शेअर कितीही असोत, सभासदास मत एकच. येथे मात्र भागभांडवलाचा न्याय आहे. ज्याची वर्गणी जास्त, त्याचा आवाज मोठा.

२०११ च्या उन्हाळ्यात दिखाऊ वस्तूंच्या भरमसाट किमतींवरून खेळाडू खवळले. अनेकांनी वर्गणी बंद केली. असा बहुखातेदार एकटा उठला, तरी कंपनीच्या वहीतून दहा नावे जातात. त्याचे मोल तेवढेच त्याचे बळही. कंपनीने मंडळाला रेक्याविकला बोलावून घेतले आणि ऑक्टोबरात तिच्या प्रमुखाने माफी मागितली. गिऱ्हाईक जिंकले. परंतु त्याच ऑक्टोबरात कंपनीने आपले सुमारे २० टक्के नोकर कमी केले. गिऱ्हाइकांचे मंडळ होते, त्यांची मते होती, त्यांचा आवाज ऐकला गेला. ज्यांनी तो खेळ घडविला, त्यांना त्या मतपेटीत एकही खाते नव्हते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: कोणत्याही कंपनीने लाखांचे आकडे सांगितले, की ते खात्यांचे की माणसांचे हे आधी विचारावे. आणि माणसे मोजावयास बसलो, की पैसे भरणाऱ्यांबरोबर राबणारेही मोजावेत.