जपानी भाषेतील नित्याचे शब्द : इंग्रजी अर्थ आणि मराठी भाव

भारतीय बौद्धांना जपान हा देश परका नाही. पूज्य भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी नागपूर ही आपली कर्मभूमी मानली. १९९९ साली नोरिको ओगावा यांच्या सहकार्याने कामठी येथे ड्रॅगन पॅलेस विहार उभे राहिले. २०२१ साली भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला आणि शुश्रूषा, शेती, बांधकाम आदी क्षेत्रांत आपल्या तरुणांना तेथे जाण्याची वाट खुली झाली. त्यासाठी जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. सावर्डे परिसरातील एखादा तरुण या अभ्यासास बसला, तर त्याच्या हाती बहुधा इंग्रजी अर्थ दिलेले पुस्तक येईल. तो अर्थ उपयुक्त खरा, परंतु अनेकदा अपुरा असतो.

घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमास' म्हणतो. इंग्रजीत याचा अर्थ 'आय ॲम लीव्हिंग' असा देतात. शब्दशः अर्थ मात्र 'जाऊन येतो' असा आहे. मुंबईस निघालेला आपला कोकणी चाकरमानीही 'जातो' न म्हणता 'येतो' असेच म्हणतो. घरची माणसे उत्तर देतात, 'इत्तेराश्शाय', म्हणजे 'जाऊन या'.

'अरिगातो' म्हणजे 'थँक यू'. या शब्दाचा मूळ अर्थ 'असणे कठीण', म्हणजेच 'दुर्लभ' असा होतो. मनुष्यजन्म दुर्लभ आहे, ही धम्मपदातील शिकवण येथे सहज आठवते. जेवणापूर्वी म्हणतात ते 'इतादाकिमास' म्हणजे केवळ 'लेट्स ईट' नव्हे. या क्रियापदाचा मूळ अर्थ मस्तकी धारण करणे असा असून, 'हे अन्न मी नम्रतेने स्वीकारतो' हा त्याचा भाव होय. 'सुमिमासेन' म्हणजे 'एक्स्क्यूज मी'. परंतु मुळात 'हे एवढ्याने फिटत नाही' अशी ऋणाची जाणीव त्यात आहे. म्हणूनच क्षमा मागताना आणि आभार मानतानाही तो शब्द चालतो.

उच्चारांचे भय बाळगण्याचे कारण नाही. जपानी वर्णमालेचा अ, इ, उ, ए, ओ. क, स, त, न हा क्रम भारतीय वर्णक्रमावरूनच आला. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासाचे ते फळ होय. वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि वाक्याअखेरचा 'ने' हा आपल्या 'ना'सारखा वापरला जातो. मात्र सारख्या ध्वनीने फसू नये. 'अनाता' म्हणजे 'तुम्ही'. पालीतील 'अनत्त' शब्दाशी त्याचा संबंध नाही. वडीलधाऱ्यांना 'अनाता' म्हणणेही अशिष्ट ठरते. त्यांच्या नावापुढे 'सान' जोडावे.

या 'सान'कडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. स्त्री असो वा पुरुष, दुकानदार असो वा शेजारी, दुसऱ्याच्या नावास 'सान' लावतात. स्वतःच्या नावास कधीच लावीत नाहीत. ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या 'अरे-तुरे' ऐकावे लागले, त्यास या लहानशा शब्दाचे मोल सांगावयास नको. अर्थात केवळ शब्दाने समता येत नाही. जपानमधील बुराकू समाजानेही भेदभाव सोसला आणि १९२२ साली 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारली. म्हणून शब्द पाठ करताना त्यामागील आदरही आचरणात आणावा. सम्यक वाचेचा अभ्यास परभाषेतही करता येतो.