आजींच्या हातातील ब्रश

संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना साडीच्या निऱ्या घालण्यास वेळ लागतो, हे घरातील सर्वांच्या लक्षात येते. परंतु त्याच बोटांनी दात घासणेही कठीण झाले असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, की 'वयोमानाने व्हायचेच' असे म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः हिरड्यांच्या कडेला साचलेला चिकट थर रोज नीट न निघणे, हेच त्याचे नेहमीचे कारण असते. विजेवर चालणाऱ्या ब्रशचा विचार येथूनच सुरू व्हावा.

या साधनाचा जन्मही अशाच गरजेतून झाला. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी 'ब्रोक्सोडेंट' हा विजेचा ब्रश सिद्ध केला, तो प्रामुख्याने हातांची हालचाल मर्यादित असलेल्या आणि दातांना तारा बसविलेल्या रुग्णांसाठी. त्याआधीच, १९३८ मध्ये, ब्रशमध्ये नायलॉनचे तंतू आले होते. तोवर डुकराचे राठ केस वापरले जात. आजच्या विजेच्या ब्रशचे तंतू नायलॉनचे असल्याने अहिंसक आचार पाळणाऱ्या कुटुंबाला ती शंका बाळगण्याचे कारण उरत नाही.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला साध्या सेलवर चालणारा. तो स्वस्त असतो, मात्र सेल उतरू लागला की त्याचा जोर मंदावतो. दुसऱ्याचे डोके लहान व गोल असते आणि ते डावी-उजवीकडे अर्धवट फिरते. तो एकेका दातावर क्रमाने धरायचा असतो. तिसरा 'सोनिक'. त्याचे डोके साध्या ब्रशसारखे लांबट असून काही ब्रशचे तंतू मिनिटाला सुमारे ३१,००० वेळा हलतात. नाजूक हिरड्यांच्या अनेकांना त्याचा स्पर्श सौम्य वाटतो, तर तारा बसविलेल्या नातवाला लहान गोल डोके अडचणीच्या जागी नेणे सोपे जाते.

कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने तीन महिन्यांनंतर दातांवरील थर २१ टक्क्यांनी व हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली. लाभ खरा आहे. तथापि ज्याचा हात चालतो आणि जो मन लावून दोन मिनिटे दात घासतो, त्याला साधा मऊ ब्रशही पुरेसा आहे.

खरेदी करताना मोबाइलशी जोडणी, अनेक गती असल्या गोष्टींवर पैसे घालविण्यापेक्षा तीन सोयी पाहाव्यात : दोन मिनिटांचा गजर, अधिक दाब पडल्यास सूचना आणि पकडण्याजोगी जाड मूठ. सुटी डोकी आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारावे. ती साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागतात. मूठ एकच ठेवून प्रत्येकाचे डोके वेगळे ठेवता येते, त्यामुळे घरात चार यंत्रे जमविण्याची गरज नाही. अमेरिकेतील मुलीने पाठविलेला ब्रश असेल, तर चार्जरवरील व्होल्ट वाचावेत. केवळ ११० ते १३० व्होल्टचा चार्जर आपल्याकडील २३० व्होल्टवर जळू शकतो. हृदयात पेसमेकर असल्यास डॉक्टरांना विचारूनच वापर सुरू करावा.

नव्या ब्रशने जुन्या सवयीप्रमाणे खसाखसा घासू नये. तो हिरडीच्या कडेशी किंचित तिरका धरून हळूहळू पुढे सरकवावा. घासण्याचे काम यंत्र करते. ब्रश तोंडात घेतल्यावरच बटण दाबावे, म्हणजे पेस्ट उडत नाही. आरंभी गुदगुल्या होतात आणि म्हणूनच अनेक ज्येष्ठ तो दुसऱ्याच दिवशी कपाटात ठेवून देतात. पहिला आठवडा घरातील कोणीतरी सकाळी आजींच्या शेजारी उभे राहावे. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबले नाही, तर ब्रश बदलत न बसता त्यांना दंतवैद्याकडे न्यावे.