नगरांच्या आर्थिक वाढीचे पूर्वानुमान : एक सांख्यिकीय विवेचन

एखाद्या नगराची आर्थिक वाढ पुढील दशकात किती होईल, या अंदाजावर पाणीपुरवठा, घरबांधणी व वाहतूक यांवरील खर्चाचे निर्णय अवलंबून असतात. अंदाज चुकला तर त्याचा भार नागरिकांवर पडतो. म्हणून अशा अनुमानांच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

गतकालीन वेग पुढेही टिकेल असे गृहीत धरणे, ही सर्वांत सोपी पद्धत होय. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ साली ४१.५२ लाख होती, ती १९७१ साली ५९.७१ लाख झाली. म्हणजे दशकात ४३.८ टक्के वाढ. हाच वेग कायम राहता, तर २०११ साली ती सुमारे २५५ लाख झाली असती. प्रत्यक्ष जनगणनेत आढळली १२४.४२ लाख. लोकसंख्या म्हणजे आर्थिक वाढ नव्हे. तथापि रोजगारामुळे फोफावलेल्या नगरात ती तिची एक खूण मानता येते.

वेग का बदलतो हे जाणण्यासाठी वाढीचे घटक पृथक् करावे लागतात. एडगर डन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली अशा विभाजनाची पद्धतशीर मांडणी केली. समजा, देशातील एकूण रोजगार २० टक्के वाढला, कापडधंद्यातील ५ टक्के वाढला, आणि एका नगरातील कापडधंद्यातला १० टक्के घटला. तर दर शंभर कामगारांमागे देशाच्या वाढीचा भाग अधिक २०, धंद्याच्या मंदगतीचा उणे १५ व स्थानिक कारणांचा उणे १५. बेरीज उणे १०. धंदाच मंदावला असल्यास नवे धंदे हवेत. दोष स्थानिक असल्यास उपाय नगरातच शोधला पाहिजे.

हा स्थानिक घटकच पूर्वानुमानास सर्वाधिक चकवतो. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत सुरू झालेला गिरणीसंप व त्यानंतर अनेक गिरण्यांना लागलेली टाळी १९७१–८१ च्या आकड्यांवरून वर्तविता येण्याजोगी नव्हती.

क्षेत्राची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. २००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या चार टक्क्यांहूनही कमी वाढली. त्याच काळात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची मात्र ३६ टक्के वाढली. नगराच्या सीमेपाशी थांबणाऱ्या गणितास ही वाढ दिसत नाही.

सबब, एकच आकडा देण्यापेक्षा निरनिराळ्या गृहीतांवर आधारलेली किमान व कमाल मर्यादा सांगावी, आणि ती गृहीते नियोजनकर्त्यांपुढे स्पष्टपणे ठेवावीत, हेच शास्त्रास धरून होईल.