तंबोरा कुठे गेला?

रासायनिक कारखान्यांना रविवार नसतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत जेवणे उरकून दुपारी आडवे व्हावे, तर ब्लोअर, कॉम्प्रेसर आणि बॉयलर यांची एकत्र घरघर खिडकीतून आत येतच असते. गंमत अशी, की माझ्या बहिणीच्या घरात ती कोणालाच ऐकू येत नाही. ऐकू येते ती फक्त पाहुण्यांना. अशा घरात बसून गेल्या हिवाळ्यात भाऊजी, भाचा आणि मी यांनी एक उद्योग आरंभला. चार हेडफोन पलंगावर मांडले आणि आवाज कोणाचा चांगला, याचा निवाडा करायला बसलो. निवाडा लागला, पण भलत्याच गोष्टीचा.

निमित्त होते भाऊजींच्या कॅसेटींचे. तीस वर्षे पाळ्या करून जमवलेल्या त्या कॅसेटी महाड शहरात त्यांच्या थोरल्या भावाच्या घरी, तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी शहरात शिरले आणि पेटीचा चिखल झाला. भीमसेन गेले, किशोरीताई गेल्या, कुमारजी गेले. पुढे भाच्याने तेच गाणे फोनवर आणून दिले. पण फोनच्या टिचभर स्पीकरवर कुमार गंधर्व ऐकणे म्हणजे किल्लीच्या भोकातून रायगड पाहणे. तेव्हा ठरले, की बाबांना एक चांगला हेडफोन घ्यायचा. लाखाचा नव्हे, गाणे मन लावून ऐकणारा माणूस पहिल्या पायरीवर जो घेतो, तसा.

या पायरीवरही गर्दी कमी नाही. भाच्याने मित्रांकडून मागून आणि स्वतःचा एक मिळून चार नग जमवले. पहिला कॉस कंपनीचा पोर्टा प्रो. १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जाणारा, कानावर नुसता टेकणारा, हलका. दुसरा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ग्राडो कंपनीचा एसआर ६०. स्पंजाच्या गाद्या आणि जाळीची पाठ. तिसरा जपानी ऑडिओ-टेक्निकाचा एम ४० एक्स, कान पुरते झाकणारा, बंद पाठीचा. चौथा सेनहायझरचा एचडी ५६० एस. कान झाकणारा, पण पाठ उघडी. याच जर्मन कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ काढून उघड्या पाठीचा हेडफोन घरोघर नेला.

उघडी पाठ आणि बंद पाठ हा फरक आधी सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. बंद हेडफोनात पडद्यामागची हवा वाटीत कोंडलेली असते. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत फारसा येत नाही. पण गाणे डोक्याच्या आत, कवटीत भरल्यासारखे वाटते. उघड्या हेडफोनात पडद्याची पाठ मोकळी असते. गाण्याला अंगण मिळते; मात्र शेजाऱ्याला तुमची भैरवी ऐकू जाते आणि तुम्हाला शेजाऱ्याचा मिक्सर.

तुलना करायची तर पहिली अट ही, की सगळ्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणायचा. एखादा हेडफोन जरासा जोरात वाजला, तर कान त्यालाच ‘चांगला’ म्हणतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हेडफोनचा विद्युतरोधही सारखा नसतो. एम ४० एक्सचा ३५ ओहम, तर एचडी ५६० एसचा १२०. फोनचे बटण एकाच खुणेवर ठेवून चालत नाही ते यामुळेही. भाच्याने, रेडिओवर स्टेशन नसताना यायचा तसा एक फुसफुसाट चारही हेडफोनांत वाजवून कानाने पातळी जुळवली. काटेकोरपणाचा दावा नाही, पण आमच्या कामापुरते झाले.

दुसरी अट, गाणे पाठ असलेले हवे. ‘गीतरामायण’ घेतले. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक, अशी माडगूळकर-फडक्यांची ती छप्पन्न गीते आमच्या पिढीला अशी पाठ आहेत, की चुकीची जागा लगेच खटकते. पण ऐकता ऐकता कळले, की जुने मोनो ध्वनिमुद्रण फार काही बोलत नाही. चारही हेडफोन बाबूजींना कपाळाच्या मध्यावर आणून बसवतात, एवढेच. खरी परीक्षा घेतली ती तंबोऱ्याने.

काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ सूर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, म्हणजे पुरेसा खाली. पण तंबोरा म्हणजे तेवढा सूर नव्हे. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोऱ्याचा तुकडा जवारी लावतो आणि एका तारेतून वरच्या स्वरांची अख्खी रांग उठते, ती काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीच्या करामतीवर शोधनिबंध लिहिला होता. हेडफोनने खालचा सूर फुगवला तर तंबोरा घुमतो, वरची रांग दाबली तर तो मुका होतो, आणि वरचे वाढवले तर नुसता चरचरतो. एवढी स्वस्त आणि एवढी कडक परीक्षा दुसरी नसेल.

पोर्टा प्रोवर डग्गा फुगला. ऐकायला गोड, विशेषतः भीमसेनांचा आवाज ऊबदार लागतो, पण तंबोरा मागच्या खोलीत गेला. ग्राडोवर उलटे झाले: जवारी अगदी पुढ्यात, हार्मोनियमच्या पट्ट्या मोजाव्यात इतक्या स्वच्छ, आणि डग्ग्याचे पोट मात्र गायब. एम ४० एक्सवर डग्गा आटोपशीर, तंबोरा जागेवर, पण सगळे मंडळ जवळजवळ बसलेले. एचडी ५६० एस मला सर्वांत समतोल वाटायला हवा होता, असे वाचले होते. प्रत्यक्षात त्यावर मला निम्मा कॉम्प्रेसरच ऐकू येत होता.

‘मामा, इथे उघड्या पाठीचा निकाल लागणारच नाही,’ भाचा म्हणाला. म्हणून पुढच्या रविवारी सगळी वरात आमच्या गावाकडच्या घरी आली. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या बाजूला थोडे आत गेले, की हिवाळ्यातल्या दुपारी पाखरांखेरीज आवाज नाही. तिथे एचडी ५६० एसने तोंड उघडले. तबला डाव्या हाताला, गायक मध्ये, दोन तंबोरे दोन अंगांना, आणि त्यांच्यामध्ये चक्क रिकामी जागा. तोच हेडफोन, तेच गाणे. महाडला नापास झालेला पोरगा पोलादपूरला पहिला आला. (आणि जूनमध्ये, कौलांवर आमचा पाऊस कोसळू लागला, की तो पुन्हा नापास होतो, हे आता मी खात्रीने सांगतो.)

किमतीबद्दल दोन शब्द. ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. वरच्या-खालच्या सुरांचा समतोल आणि किंमत यांत त्याला काही संबंध आढळला नाही. पैसे घडणीला, सुखाला, नावाला मोजतो आपण. कोकणच्या दमट हवेत नकली चामड्याच्या गादीचे पापुद्रे निघतात, ते महागाचेही निघतात आणि स्वस्ताचेही.

असो. आता भाऊजींकडे वळतो. दोन्ही रविवारी, दोन्ही घरांत, त्यांचा कौल एकच होता: ग्राडो. बाकीचे तिन्ही त्यांनी बाजूला सारले. ‘यांच्यात तंबोरा कुठे आहे? नुसता घुमतोय. झंकार कुठे गेला?’ भाच्याला ग्राडो पाच मिनिटांवर सोसवेना. ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचतात म्हणे. बापलेकांचा वाद रंगला. मी मध्ये होतो, वयानेही आणि कानानेही. पोलादपूरला तर कॉम्प्रेसरची सबबही उरली नव्हती. एचडी ५६० एसवर तंबोरा लख्ख वाजत होता आणि भाऊजी म्हणत होते, नाही.

भाच्याने मग गाणे थांबवले आणि फोनवरून नुसते सूर वाजवले. एक हजार हर्ट्झ, भाऊजींनी हात वर केला. दोन हजार, केला. चार हजार. हात मांडीवरच. भाच्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. मला तो सूर दोन हातांवरून, त्यांच्या कानावरच्या हेडफोनातून बाहेर सांडलेला, स्पष्ट ऐकू येत होता. भाऊजी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होते.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कुठे कामाला होता?’ वयाने कान जातात तेव्हा आलेख वरच्या सुरांकडे उतरत जातो. गोंगाटाने गेलेल्या कानात तीन ते सहा हजार हर्ट्झमध्ये, बहुधा चार हजाराशी, खड्डा पडतो आणि आठ हजाराला आलेख पुन्हा थोडा वर येतो. कानाची नळीच तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते, म्हणून मार तिथे बसतो. आतल्या केसपेशी एकदा गेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जवारीचा झंकार याच पट्ट्यात असतो. ‘स’ आणि ‘श’ही तिथलेच. नात काही बोलली, की भाऊजी ‘काय?’ म्हणत, आणि आम्ही समजत होतो की त्यांचे लक्ष नसते.

भारतात कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली. १९८७ च्या दुरुस्तीनंतर कारखाना कायद्याच्या अनुसूचीत गोंगाटाचे बहिरेपण व्यवसायजन्य रोग म्हणून आलेही. कानात घालायचे बोळे भाऊजींना मिळाले होते. ‘घालत नव्हतो,’ ते सरळ म्हणाले. ‘बोळे घातले, की सेंट्रीफ्यूजचा आवाज बदललेला कळत नाही. बेअरिंग जाणार हे मला दोन दिवस आधी कानाने कळायचे.’ यात थोडा अभिमानही होता. यावर काय बोलणार?

मग हेडफोन कोणता घ्यायचा? ग्राडो त्यांना झंकार परत देतो, पण वसाहतीतल्या घरघरीवर मात करायला त्याचा आवाज चढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे, की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, ९० ला चारच, आणि १०० ला वीस मिनिटे. उरलेला कान जपायचा, तर बाहेरचा आवाज अडवणारा बंद पाठीचाच हवा. खालची घरघर तोही पुरती थोपवत नाही, पण बटण दोन खुणा खाली राहते. डॉक्टरांनी श्रवणयंत्राचेही सुचवले आहे. त्यावर घरात चर्चा चालू आहे.

भाऊजींनी एम ४० एक्स घेतला. भाच्याने फोनमध्ये आवाजाची मर्यादा बांधून दिली, तिला ते ‘कुलूप’ म्हणतात. ग्राडोच्या मालकाने तो मला निम्म्या किमतीत दिला, तेव्हा तो माझ्याकडे राहिला. परवा भाऊजींचा फोन आला होता. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाले, ‘तो ब्रुकलिनवाला आहे ना अजून? दिवाळीला येतोय आम्ही. काढून ठेव. गाणे नको, अर्धा तास नुसता तंबोरा लाव.’