नवे पुस्तक निवडताना

"सर, हल्ली वाचण्यासारखं काय आलंय?" हा प्रश्न महाविद्यालयात विद्यार्थी विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थही विचारतात. प्रश्न साधा आहे, पण उत्तर अवघड. विचारणाऱ्याला कशाची गोडी आहे, वाचायला रात्रीचा अर्धा तास मिळतो की रविवारची सबंध दुपार, हे कळल्याशिवाय पुस्तकाचे नाव सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे.

मग आपण बहुतेक जण काय करतो? ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभे राहतो आणि ओळखीचे नाव शोधतो. पूर्वी वाचलेल्या लेखकाचे पुस्तक सापडले, की सुटलो! यात वावगे काही नाही. पण आज ओळखीचे असलेले प्रत्येक नाव कधी तरी अनोळखी होते, आणि कोणा तरी वाचकाने ते पहिल्यांदा हाती घेतले होते, हे विसरून चालत नाही.

एक उदाहरण पाहा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मागाहून उलगडा झाला की ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. परीक्षकांपुढे नाव नव्हते, नुसती कथा होती. नवे पुस्तक निवडताना आपल्यालाही हेच करायचे आहे. नाव थोडा वेळ बाजूला ठेवायचे आणि पान वाचायचे.

पण पानात पाहायचे काय? माझे म्हणणे असे, की प्रत्येक वाङ्मयप्रकार वाचकाला एक वचन देतो. रहस्यकथेचे वचन निराळे, विनोदाचे निराळे. पुस्तक आपल्या प्रकाराचे वचन पाळते की नाही, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

प्रथम रहस्यकथा घ्या. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोहोचले आणि कित्येकांना वाचनाची पहिली गोडी त्यांनीच लावली. रहस्यकथेचे वचन असे, की कोडे सोडवायला लागणारे धागेदोरे लेखक वाचकासमोर ठेवील. म्हणून पहिले प्रकरण वाचा आणि मधले एखादे पान उघडा; शेवटचे मात्र उघडू नका बरं का! मधल्या पानावर गुप्तहेर प्रश्न विचारतो आहे, विचार करतो आहे, की दर वेळी नशीबच त्याच्या मदतीला धावून येते आहे? आजच्या कथेला आणखी एक कसोटी लावता येते. पूर्वी टेलिफोनची तार कापली, की नायिका जगापासून तुटत असे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. ही अडचण नव्या लेखकाने प्रामाणिकपणे सोडवली आहे, की फोनची बॅटरी नेमकी त्याच क्षणी संपवली आहे?

ऐतिहासिक कादंबरी आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांपासून लोकप्रिय आहे. तिच्याबाबतीत प्रथम प्रस्तावना वाचा. कागदपत्रांतले काय आणि कल्पनेतले काय, याविषयी लेखक मोकळेपणाने बोलत असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. मग असे पान शोधा, जिथे लढाई नाही, दरबार नाही. दोन माणसे घरात बोलत बसली आहेत. तिथेही ती व्यासपीठावर उभी असल्यासारखी बोलत असतील, तर पुढची तीनशे पाने जड जातील. 1962 साली आलेली रणजित देसाईंची 'स्वामी' वाचकांना भावली, ती केवळ माधवराव पेशव्यांच्या पराक्रमामुळे नव्हे. चुलत्याशी आलेले वितुष्ट, पोखरणारा क्षय आणि रमाबाईंची सोबत यांतून तिथे एक तरुण माणूस दिसतो. नुसता पोवाडा हवा असेल तर कादंबरी कशाला?

विज्ञानकथेची कसोटी त्याहून सोपी. कथेतले विज्ञान मनातल्या मनात काढून टाका. तरीही गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर विज्ञान हा केवळ अंगरखा होता असे समजा. उलट विज्ञान काढताच सारे कोसळले आणि ठेवले तर माणसांच्या सुखदुःखाला नवा पेच पडला, तर ती खरी विज्ञानकथा. गूढकथेत भुताचे वर्णन किती भीषण आहे, हे पाहू नका. ते दिसण्यापूर्वीचे पान पाहा. नारायण धारप काय किंवा रत्नाकर मतकरी काय, नेहमीच्या घरातली नेहमीची वस्तू हळूच परकी कशी होते, हे त्यांना दाखवता येई.

विनोदी पुस्तकाची परीक्षा एकट्याने घेऊ नये. त्यातला एक परिच्छेद घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. समोरचा हसला तर घ्या, "म्हणजे काय?" असे विचारू लागला तर खाली ठेवा.

प्रवासवर्णनाचे काय? गावांची अंतरे आणि हॉटेलांची नावे आता कुठेही मिळतात. प्रवाशाची नजर मात्र पुस्तकातच मिळते. यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापला गेला आणि आजही वाचला जातो, तो त्या नजरेमुळे. आत्मचरित्राचेही तेच. लेखक स्वतःला न शोभणारे सांगायला तयार आहे का, ते पाहा. 1978 मध्ये आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'ने अनेक वाचकांना शेजारी असूनही न पाहिलेले जग दाखवले. ओळखीच्याच जगात रमणाऱ्याच्या हाती असे पुस्तक लागत नाही.

आता व्यवहाराचे दोन शब्द. पुस्तके महाग आहेत आणि घरखर्चातून उरणारे पैसे थोडे, हे खरे. म्हणून प्रथम ग्रंथालयातून आणा आणि पुन्हा वाचावेसे वाटले तर विकत घ्या. तीस-चाळीस पाने वाचूनही मन लागले नाही, तर निःसंकोच परत करा. त्यात लेखकाचा अपमान नाही. आणि एक साधा नियम ठेवा. तीन पुस्तकांपैकी दोन आवडीची, तिसरे अनोळखी लेखकाचे.

हा तिसऱ्या पुस्तकाचा आग्रह केवळ तुमच्या आनंदासाठी नाही. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि गावोगावच्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. ते मोजके असते. ग्रंथपाल बिचारा सभासद जे मागतात ते आधी घेतो. सभासद जुनीच नावे मागत राहिले, तर कपाटात जुन्याच पुस्तकांच्या नव्या प्रती येतात. पहिले पुस्तक लिहिणारा एखादा तरुण, तालुक्याच्या गावातली एखादी लेखिका, यांची छोटी आवृत्ती गठ्ठ्यांतच राहते, आणि दुसरे पुस्तक कोणी छापत नाही. लेखक असा मुकाट्याने थांबला, तर आपण काय गमावले हे आपल्याला कधी कळतही नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला पुस्तक बदलायला जाल, तेव्हा नव्या पुस्तकांच्या फळीपाशी पाच मिनिटे थांबा. नाव न पाहता दोन पाने वाचा. पुस्तकाने आपले वचन पाळले असे वाटले, तर ते घरी न्या. आणि आवडले, तर परत करताना ग्रंथपालांना तसे सांगा. तुमच्या त्या एका वाक्यावर त्या लेखकाचे दुसरे पुस्तक अवलंबून असू शकते.